दरवाजा गेला, देऊळ राहिले

चर्चगेट स्थानकात उतरणाऱ्या माणसाला तिथे चर्चही दिसत नाही आणि गेटही दिसत नाही. रोज लाखो लोक हे नाव घेतात. तिकिटावर छापलेले, फलाटावर लिहिलेले, ध्वनिक्षेपकावर पुकारलेले नाव. पण ते कोणत्या चर्चचे आणि कोणत्या दरवाजाचे, असे विचारले तर शेजारचा प्रवासी बहुतेक वेळा खिडकीबाहेर पाहू लागतो. स्थानकाबाहेर पडून वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे चालत राहावे. हुतात्मा चौक ओलांडावा आणि हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे जरा थांबावे. तिथे झाडांच्या मागे घड्याळाचा एक पांढरा चौकोनी मनोरा उभा आहे. हेच ते चर्च, सेंट थॉमस कॅथीड्रल. मुंबईतले इंग्रजांचे पहिले चर्च.

दरवाजाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. जुन्या मुंबईला तटबंदी होती, म्हणून आजही त्या भागाला आपण फोर्ट म्हणतो. तटाला तीन मोठे दरवाजे होते : अपोलो गेट, बाजार गेट आणि पश्चिमेला या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चर्च गेट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडला, तसे दरवाजेही गेले. चर्च गेट जिथे होते, तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. दरवाजाकडून चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याला मात्र चर्चगेट स्ट्रीट हे नाव चिकटून राहिले. पुढे १८७० मध्ये रेल्वे आली आणि तिनेही तेच नाव उचलले. पाडलेल्या दरवाजाचे नाव असे रुळांवरून थेट विरारपर्यंत पोहोचले.

चर्चची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. ती सुरू होते गेराल्ड ऑन्जियरपासून. १६६९ ते १६७७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. पोर्तुगीजांकडून लग्नाच्या आंदणात आलेले आणि मग ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिलेले हे दलदलीचे बेट शहर होऊ शकते, असे ज्या थोड्या लोकांना वाटले त्यांतला तो पहिला. त्याने न्यायालय घातले, पंचायतींना मान दिला, व्यापाऱ्यांना धर्मपालनाची हमी देऊन बोलावले. इंग्रज तेव्हा किल्ल्यातल्याच एका खोलीत उपासना करत. त्यांच्यासाठी स्वतंत्र चर्च बांधावे, असे त्याने ठरवले आणि १६७६ मध्ये पाया घातला. पुढच्याच वर्षी तो सुरतेला वारला.

भिंती साधारण पंधरा फूट उंच झाल्या आणि काम थांबले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्या भिंती तशाच, छपराशिवाय, पावसाळे खात उभ्या राहिल्या. वर्गणीचे पैसे गेले कुठे? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या खलाशी-व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात सरळ बोट दाखवले ते सर जॉन चाइल्डकडे. चाइल्ड १६८०च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरचा कंपनीचा सर्वेसर्वा होता. हॅमिल्टनचे कंपनीच्या माणसांशी कधीच पटले नाही, त्यामुळे त्याचा शब्द जपूनच घ्यावा. पण पैसे गिळले असोत वा नसोत, चर्च पुरे करण्याच्या स्थितीत ते बेट नव्हतेच. मोगलांशी नसते भांडण उकरून काढल्यामुळे १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. त्यातून सुटका होते न होते तोच तापाच्या साथींनी माणसे नेली. मुंबईत आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच त्या काळी त्यांच्यात पडली होती. ज्यांना पुढच्या पावसाळ्याची खात्री नव्हती, त्यांनी चर्चचा कळस कुठून चढवावा?

काम पुन्हा सुरू झाले ते रिचर्ड कॉब या तरुण पाळकामुळे. तो मुंबईला आला आणि त्या पडक्या भिंती त्याच्या डोळ्यांत सलू लागल्या. इतर सगळ्या धर्मांची देवळे, मशिदी, पोर्तुगीजांची चर्चे बेटावर नांदत आहेत आणि राज्य करणाऱ्यांचे चर्च मात्र अर्धवट पडले आहे, याची त्याला लाज वाटली. १७१५ मध्ये गव्हर्नर आणि कौन्सिलसमोर त्याने याच विषयावर प्रवचन दिले. प्रवचन लागू पडले. वर्गणी निघाली, कंपनीनेही हात सैल सोडला, आणि त्याच वर्षी रखडलेले काम सुरू झाले. पुढे म्हातारपणी, १७६६ मध्ये, कॉबने या सगळ्याचा वृत्तान्त लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापला. चर्चच्या जन्माचे इतके बारकावे आज आपल्याला ठाऊक आहेत ते त्या पुस्तकामुळे.

१७१५ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, मलबार टेकडीवर, वाळकेश्वराचे देऊळ नव्याने उभे राहत होते. पोर्तुगीजांनी जुने देऊळ मोडले होते. ते पुन्हा बांधणारा माणूस म्हणजे रामा कामाठी (काही जण कामती किंवा कामत असेही लिहितात). सारस्वत शेणवी, मोठा व्यापारी, इंग्रजांच्या पदरच्या देशी शिपायांवर वजन असलेला आणि सिद्दीच्या स्वारीपासून इंग्रजांना उपयोगी पडत आलेला.

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १७१८ ला, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या उपस्थितीत नवे चर्च उघडले. झावळ्यांनी सजवलेल्या त्या इमारतीत उपासना झाली, एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, किल्ल्यावरून तोफांची सलामी झाली. कॉब नोंदवतो की रामा कामाठी आपल्या जातीच्या मंडळींसह तिथे आला होता. उपासनेची शिस्त आणि शांतता पाहून तो इतका प्रसन्न झाला की सगळे संपेपर्यंत ती मंडळी बाहेरच उभी राहून पाहत होती.

हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तीन वर्षांपूर्वी स्वतः देऊळ बांधलेला माणूस दुसऱ्याचे देऊळ उघडताना दारात उभा आहे. वास्तूचे काम कसे झाले, दगड कसा बसला, माणसे कशी वागतात, हे तो जाणत्या नजरेने पाहत असणार. त्याच्या मनात काय होते ते कॉबला जेवढे दिसले तेवढेच आपल्याला दिसते, पण शेजाऱ्याच्या घरच्या कार्याला जावे तसा तो आला होता, एवढे त्यातून नक्की कळते.

आणि मग पुढे जे झाले, त्यामुळे हा प्रसंग जिव्हारी लागतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात बूनने कान्होजी आंग्रे यांच्या खांदेरी किल्ल्यावर आरमार पाठवले होते आणि ते हात हलवत परत आले होते. अपयशाला कोणीतरी धनी लागतो. १७२० मध्ये रामा कामाठीवर आरोप ठेवला गेला की हल्ल्याची बातमी त्याने आधीच कान्होजींना कळवली. पुरावा म्हणून पत्रे पुढे आली. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून हवी ती साक्ष काढली गेली. रामाची मालमत्ता जप्त झाली आणि त्याला जन्मठेप झाली. १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघड झाले. चर्चच्या उद्घाटनाला मानाच्या जागी बसलेला गव्हर्नर आणि दाराबाहेर आदराने उभा असलेला त्याचा पाहुणा, या दोघांमध्ये दोन वर्षांत हे घडले. चर्चच्या भिंतींवर शेकडो इंग्रजांची नावे कोरलेली आहेत. पण वाळकेश्वरी गेलो की मला आता रामा आठवतो, आणि या चर्चच्या दारातही आठवतो.

आत जाऊ. चर्चची रचना कळायला दिशा आधी समजून घ्यावी लागते. आपल्याकडे देवळाचे तोंड बहुधा पूर्वेला असते आणि उगवता सूर्य मूर्तीवर येतो. इंग्रजी चर्चमध्ये उलटे : आत यायचे पश्चिमेकडून आणि वेदी पूर्वेला, म्हणजे उपासना करणाराच सूर्याकडे तोंड करून बसतो. म्हणून इथेही मनोरा आणि मुख्य दार पश्चिमेला आहे. तटाचा दरवाजाही पश्चिमेलाच होता. चर्च गेटमधून आत शिरणाऱ्याच्या वाटेवरच हे चर्च यायचे. मधला लांबट भाग, जिथे लोक बसतात, तो आपल्या सभामंडपासारखा. पूर्वेचा, पायऱ्यांनी थोडा उंचावलेला भाग, जिथे वेदी आणि गायकवृंद असतो, तो गाभाऱ्याच्या जागी. मराठी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे ही तुलना मला परकी वाटत नाही.

सभामंडप हा १७१८चा भाग. जाड भिंती, साधी, भारदस्त मांडणी, नक्षीचा सोस नाही. कंपनीचे व्यापारी आणि शिपाई जसे बांधतील तसे. पूर्वेचा भाग मात्र वेगळ्याच काळाचा आहे, आणि हे कोणी न सांगताही डोळ्यांना कळते. तिथे कमानी टोकदार होतात, खिडक्या उंच आणि निमुळत्या होतात. हा भाग जेम्स ट्रबशॉ या वास्तुकाराने १८६५च्या सुमारास बांधला. तो ज्या शैलीत आहे तिला गॉथिक म्हणतात. त्यातही तेराव्या शतकातल्या इंग्लंडची जी जुनी, सोज्वळ तऱ्हा, ती त्याने घेतली.

टोकदार कमान ही नुसती हौस नव्हे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरलेली असते. दहा फुटांचे अंतर पार करायचे तर कमान पाच फूटच वर जाणार. शिवाय ती वरचे ओझे बरेचसे बाजूंना ढकलते, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात. टोकदार कमान दोन वर्तुळांचे तुकडे एकमेकांना टेकवून केलेली असते, त्यामुळे तीच रुंदी ठेवून उंची हवी तितकी वाढवता येते. ओझे जास्त सरळ खाली उतरते. जे थोडे बाजूला ढकलले जाते, ते पेलायला बाहेरून भिंतीला दगडी धिरे दिले की झाले. मग मधल्या भिंतीला फारसे काम उरत नाही आणि तिथे मोठाल्या खिडक्या काढून रंगीत काचा बसवता येतात. जाड भिंतीच्या मंडपातून पूर्वेकडच्या रंगीत उजेडाकडे चालत जाताना आपण दीडशे वर्षांची उडी मारतो.

ही उडी अर्धवट का राहिली, मंडप जुनाच का राहिला, याचे उत्तर मुंबईच्या बाजारात आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा नुसता वाहत होता. त्या भरात ट्रबशॉने सगळेच चर्च नव्याने बांधण्याचा आराखडा केला होता. मग १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या. पैसा आटला आणि पूर्वेचा भाग झाल्यावर काम तिथेच थांबले. या चर्चच्या नशिबी दोनदा असे अर्धे राहणे आले. मला विचाराल तर दुसऱ्या वेळचे थांबणे भाग्याचे ठरले, नाहीतर कॉबचा मंडप आज कुठे पाहायला मिळाला असता?

समोरच्या आवारातले कारंजे त्याच श्रीमंतीच्या दिवसांची खूण आहे. ते सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दात्याच्या देणगीतून आले आणि त्याचा आराखडा इंग्लंडच्या नामांकित सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. पारशी सावकाराने इंग्रजी चर्चला कारंजे द्यावे, यात मुंबईला काही नवल वाटले नाही.

नावाविषयीही थोडे. पहिली जवळजवळ शंभर वर्षे हे नुसतेच ‘मुंबईचे चर्च’ होते. १८१६ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिडलटन इथे आले आणि त्यांनी ते विधिपूर्वक संत थॉमस यांच्या नावे अर्पण केले. संत थॉमस भारतात आले अशी केरळच्या ख्रिस्ती समाजाची दृढ श्रद्धा आहे. जुन्या कथेत ते कसबी सुतार-गवंडी आहेत. गोंडोफर्नीस राजा त्यांना महाल बांधायला पैसे देतो, ते सगळे गोरगरिबांना वाटून टाकतात आणि राजाला सांगतात की तुझा महाल स्वर्गात बांधला. गंमत म्हणजे या नावाच्या राजाची नाणी वायव्य भारतात खरोखरच सापडली आहेत. चित्रकार संत थॉमसांच्या हाती गवंड्याचा गुण्या देतात तो या कथेमुळे. चाळीस वर्षे पडून राहिलेल्या बांधकामाला बांधकाम करणाऱ्यांचाच संत लाभला, हे शोभून दिसते.

१८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, थॉमस कार पहिले बिशप झाले आणि हे चर्च कॅथीड्रल ठरले. कॅथीड्रल म्हणजे मोठे चर्च असा समज असतो, पण आकाराशी त्याचा संबंध नाही. बिशपचे आसन जिथे असते ते कॅथीड्रल, मग ते लहान का असेना. वाढलेल्या मानाला साजेसा म्हणून १८३८ मध्ये जुना बुटका घंटाघराचा भाग काढून आजचा उंच मनोरा चढवला, त्यावर घड्याळ बसवले. इथल्या गायकवृंदासाठी मुले तयार करायला १८६० मध्ये काढलेली शाळा म्हणजे आजची कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूल. त्याआधी, १७१८ मध्येच, कॉबने गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा काढली होती.

पण आतली खरी दौलत म्हणजे भिंतींवरचे संगमरवर. हे मी प्रत्येक वेळी वाचत बसतो. कोणी तापाने गेलेला, कोणी समुद्रात बुडालेला, कोणी लढाईत पडलेला. वये वाचली की गलबलून येते. कॅप्टन हार्डिंज १८०८ मध्ये लंकेजवळच्या समुद्रात फ्रेंच जहाजाशी झालेल्या झुंजीत विशीतच मारला गेला. त्याचे स्मारक लंडनचे शिल्पकार जॉन बेकन धाकटे यांनी घडवले.

याच बेकनच्या हातचे दुसरे स्मारक अधिक वेळ घेते. ते गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे. १७९५ ते १८११ अशी सोळा वर्षे ते मुंबईचे गव्हर्नर होते आणि इथेच वारले. त्याआधी बनारसला असताना त्यांनी १७९१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा काढली. शीवहून बेटाबाहेर नेणारा बांध त्यांच्याच काळात झाला. संगमरवरात वडाचे झाड आहे आणि दोन मुलांच्या हाती एक पट उलगडलेला आहे : बनारस आणि काठेवाडात बालहत्या बंद झाली, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. मुलगी जन्मली की मारून टाकण्याची चाल काही घराण्यांत होती, ती सोडण्याच्या शपथा डंकन यांच्या प्रयत्नाने लिहून घेतल्या गेल्या, हे खरे. पण संगमरवर जितक्या ठामपणे सांगतो तितकी ती चाल बंद झाली नव्हती. १८७० मध्ये सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. तरी स्मारकासाठी तलवार, तोफ किंवा जिंकलेला झेंडा न निवडता जगवलेली मुले निवडली गेली, याला माझ्या मनात मोठी किंमत आहे.

राज्यकर्त्यांचे चर्च म्हटल्यावर उतरंडही आलीच. अठराव्या शतकात इथे कोणी कुठे बसावे हे हुद्द्यावर ठरे : कौन्सिलचे सभासद, वरिष्ठ व्यापारी, लष्करी अधिकारी, परके पाहुणे, आणि ‘कनिष्ठ स्त्रिया’ अशा नावाचीही एक रांग होती. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबाराला जाताना राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उपासनेला बसले होते. त्यांच्या खुर्च्या चर्चने जपून ठेवल्या आहेत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि हे कॅथीड्रल त्यात आले. आता रांगा ठरलेल्या नाहीत, हवे तिथे बसता येते. इमारतीची निगुतीने डागडुजी झाली आणि २००४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला.

या चर्चची आणखी एक खूण शहरभर विखुरलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबईत मैलाचे दगड बसवले गेले आणि अंतर मोजण्याचे मूळ ठिकाण धरले ते सेंट थॉमस चर्च. काळ्या बसाल्टच्या त्या दगडांवर रोमन आकडा आणि चर्चचे नाव कोरलेले असे. काळबादेवी, ताडदेव, परळ, दादर अशा गजबजलेल्या ठिकाणी त्यांतले काही अजून आहेत. दोनशे वर्षांत डांबरावर डांबर चढत गेले, पदपथ उंचावले, आणि दगड गळ्यापर्यंत बुडाले. कुणी त्यांना रंग फासला, कुणी देव समजून फूल वाहिले, कुणी त्यांच्यावर बसून चहा प्यायला. अलीकडे पालिकेने त्यांतले काही खणून वर काढले, रंग खरवडला, भोवती कठडे घातले. माती झटकल्यावर आत खोल गेलेली अक्षरे स्वच्छ वाचता येतात : इतके मैल, सेंट थॉमस चर्चपासून.